धुतलेली गिरणी

३ मार्च

प्रिय ताई,

गेल्या मंगळवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास मी शंखजिऱ्याच्या पावडरच्या एका गिरणीत, छताखालच्या लोखंडी तुळईवर पालथा पडून चमच्याने धूळ गोळा करत होतो. पन्नाशीला टेकलेला माणूस, तोंडाला मुखवटा, कमरेला दोरी, पोट तुळईच्या दोन्ही बाजूंनी बाहेर. खाली गिरणीचे मॅनेजर मान वर करून उभे होते आणि सारखे ओरडत होते, "साहेब, खाली हजार पिशव्या भरून ठेवल्यात, हवी ती फोडा! वर काय सापडणार तुम्हाला, पारव्याची पिसं?" मी वरून म्हटलं, "सापडली तर तीही लिहीन." आमचा ड्रायव्हर शिडी धरून होता. त्याला ऑफिसात सगळे 'मौनी' म्हणतात. तो त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

पिशवीत कालचा माल असतो. तुळईवर वर्षानुवर्षांची धूळ साठलेली असते. पिशवी सगळे आपणहून दाखवतात, तुळई कोणी दाखवत नाही, म्हणून वर जावं लागतं. पाच जागांची धूळ मी पाच डब्यांत भरली, प्रत्येक डबीवर जागा लिहिली, झाकणाला पट्टी लावून तिच्यावर सही केली आणि खाली उतरलो. गुडघे अजून कुरकुरताहेत.

हे सगळं तुला कशासाठी सांगतोय, असं तू म्हणशील. दोन वर्षांनी पत्र लिहायचं तर सुरुवात कुठून करावी ते सुचेना, म्हणून हातातल्या कामापासून केली.

फोन तू उचलत नाहीस. चूक तुझी नाही. भाऊजींनी त्या वेळी मला त्यांच्या गिरणीच्या तपासणीचा ताजा अहवाल मागितला होता. कुणी नवं गिऱ्हाईक होतं, त्याला नवा कागद हवा होता. मी म्हटलं, या खेपेला मी येणार नाही, ऑफिसातून दुसरं कोणीतरी येईल. भाऊजींनी फोन तुझ्या हातात दिला. तू म्हणालीस, "बारक्या, मी भावाला विचारत होते, उत्तर साहेबाने दिलं. आता साहेबांनी या घरी फोन करू नये." आणि ठेवलास. मी का येत नाही याचं कारण तेव्हा सांगितलं नाही. आजही ते या पत्रात घालत नाही.

ही बरी आहे. तुझी आठवण काढते. मी रोज सकाळी आंघोळ झाल्यावर दहा मिनिटं डोळे मिटून बसतो तो नेम चालू आहे. हल्ली दहाची वीस मिनिटं होतात.

भाऊजींचा सकाळचा खोकला कसा आहे? आणि तू त्यांचे गिरणीतले कपडे अजून मागच्या पायरीवर उभी राहून झटकतेस का? सहज विचारतोय.

तुझा,
बारक्या


१२ मार्च

प्रिय ताई,

तुझं उत्तर आलेलं नाही. येईल असं मी धरूनही चाललो नव्हतो. पण मागच्या पत्रात "सहज विचारतोय" असं लिहिलं ते खरं नव्हतं.

त्या तुळईवरच्या धुळीचा निकाल आला. आमच्या प्रयोगशाळेत एक बाई आहेत, दोन चष्मे गळ्यात आणि एक डोळ्यांवर. त्यांनी मला हाक मारून सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. शंखजिऱ्याची पावडर त्याखाली माशाच्या खवल्यांसारखी दिसते, चपटी, एकावर एक पडलेली. त्या खवल्यांच्या मधून सरळ, बारीक, टोकदार सुया आडव्यातिडव्या पडल्या होत्या. बाई म्हणाल्या, "मोजू?" मी म्हटलं, "मोजा." त्या म्हणाल्या, "मग तुम्ही जेवून या."

तुला समजेल अशा शब्दांत सांगतो, कारण भाऊजी एकतीस वर्षं त्या कामात असले तरी हे त्यांना कोणी नीट सांगितलेलं नसणार. शंखजिरं वेगळं आणि अ‍ॅस्बेस्टॉस वेगळं. पण जमिनीत कधी कधी दोघं शेजारी असतात, दोन्ही पांढरे. खाणीत कुदळ मारणाऱ्याला फरक दिसत नाही. दळलं की शंखजिऱ्याची पावडर होते आणि अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू होतात, केसाहून कितीतरी बारीक. ते श्वासाबरोबर आत जातात. शरीर त्यांना विरघळवू शकत नाही, बाहेरही टाकू शकत नाही. वीस वर्षं, तीस वर्षं माणसाला काही होत नाही, आणि मग होतं. ज्यांनी गिरणीत कधी पाऊल टाकलं नाही, फक्त घरी कपडे झटकले, अशांनाही झालेलं आहे.

ती गिरणी काल थांबवली. तिचा दगड टेकडीमागच्या खाणीतून, पूर्वेकडच्या तोंडातून येतो. मी खाणीच्या मुकादमाला विचारलं, हा दगड आणखी कुणाकडे जातो? तो म्हणाला, तीन गिरण्यांकडे, गेली दहा वर्षं. एक ही थांबवलेली. दुसरी मागेच बंद पडली.

तिसरीत भाऊजी फोरमन आहेत.

आता मी सांगतो तेवढं कर. कपडे झटकू नकोस. भाऊजी आले की कपडे तसेच बादलीतल्या पाण्यात बुडव, मग हात लाव. पायरी झाडू नकोस, ओल्या फडक्याने पूस. हे साहेब म्हणून सांगत नाही.

तुझा,
बारक्या


२३ मार्च

प्रिय ताई,

गुरुवारी भाचीचा फोन आला. आवाज अगदी तुझ्यासारखा झालाय, मी क्षणभर फसलो.

"मामा, आई म्हणते पत्रं पाठवू नकोस."

"आई शेजारी आहे का?"

"नाही." मग थोडं थांबून, "आहे."

"तिला विचार, कपडे भिजवते का."

पलीकडे कुजबुज झाली. "आई म्हणते, कपडे कसे धुवायचे ते मला सरकारने शिकवू नये."

मी हसलो. खरं सांगतो, दोन वर्षांनी तुझं एक वाक्य कानावर पडलं याचाच आनंद झाला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "मामा, खरं काय आहे? बाबांना काही होईल का?" मी म्हटलं, "कागद बघून सांगतो." कागद माझ्यासमोरच होता.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या वरिष्ठांकडे गेलो. म्हटलं, त्या खाणीचा दगड आणखी एका गिरणीत जातो, तिथे माणूस पाठवा. त्यांनी फाइल काढायला सांगितली. सहा वर्षांपूर्वीचा अहवाल वर होता. त्यांनी तो माझ्याकडे फिरवला. "हा तुमचाच ना? तेव्हाही दगड त्याच खाणीचा होता आणि तुम्हाला काही सापडलं नाही. 'स्वच्छता समाधानकारक' असं लिहिलंय. म्हणून ही गिरणी दहा वर्षांनी एकदा तपासायच्या यादीत आहे, अजून चार वर्षं तिच्याकडे बघायचं कारण नाही. माझ्याकडे माणसं किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या कुणाचा अहवाल असता तर पुन्हा तपासला असता, तुमचा कशाला तपासू?"

हे त्यांनी कौतुकाने म्हटलं. मी "बरं" म्हणून बाहेर आलो.

ताई, आता ते लिहितो जे दोन वर्षांपूर्वी फोनवर सांगायचं राहिलं.

सहा वर्षांपूर्वी मी भाऊजींच्या गिरणीत गेलो तेव्हा फाटकापासून जमीन ओली होती. नळी गुंडाळून ठेवली होती, तिच्या तोंडातून अजून पाणी ठिबकत होतं. यंत्रं धुतलेली, भिंती धुतलेल्या, वर तुळयाही धुतलेल्या. पहाटेपासून आठ माणसं लावली होती. भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते. म्हणाले, "मेहुणा पहिल्यांदा माझ्या गिरणीत येतोय, मग झाडलोट नको का?" त्यांच्या मनात लपवाछपवी नव्हती हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आजही माहीत आहे. पाहुणा यायचा म्हणून घर आवरावं, तसं त्यांनी चाळीस माणसांचं कारखान्याचं घर आवरलं होतं.

आमचा नियम साधा आहे. जागा नुकतीच धुतलेली दिसली तर तसं लिहायचं आणि नंतर कधीतरी न कळवता पुन्हा जायचं. धुळीचा नमुना घ्यायला गेलो आणि धूळच नाही, म्हणजे तपासणी झालीच नाही. हे मी नव्या लोकांना शिकवतो. पण त्या दिवशी भाऊजी मला प्रत्येक माणसापाशी नेऊन सांगत होते, "हा आमचा मेहुणा, मोठा साहेब आहे." मी काय म्हणणार होतो? भाऊजी, तुम्ही धुतलंत हे चुकलं, मी पुन्हा चोरासारखा येईन? त्यांनी समोर ठेवलेल्या पाच पिशव्यांमधून मी नमुने घेतले, तुझ्या हातचं जेवलो आणि घरी आलो. पिशव्यांत काही सापडलं नाही. कधी कधी नाही सापडत, त्या दिवशीचा दगड कुठला होता त्यावर असतं. 'धुतलेली जागा' हे शब्द मी लिहिले नाहीत.

पुढे तुम्ही तो अहवाल चौकटीत घालून गिरणीच्या ऑफिसात लावलात. मी तो तिथे टांगलेला पाहिला तेव्हा मला बसवेना. दोन वर्षांपूर्वी पुन्हा यायला नकार दिला तो म्हणूनच. आणि शेवटी त्या गिऱ्हाइकाला जुन्याच अहवालाची प्रत चालली, हे मला नंतर कळलं. माझ्या नकाराने काहीच अडलं नव्हतं.

तुझा,
बारक्या


७ एप्रिल

प्रिय ताई,

काल संध्याकाळी भाऊजी येऊन गेले हे तुला ठाऊक असेल. नसेलही. ते पाळी संपवून तसेच आले होते, अंगावर गिरणीतले कपडे, भुवया पांढऱ्या. दारातूनच म्हणाले, "काय साहेब, पत्रं फार लिहायला लागलात. लेखक व्हायचा बेत आहे?"

ही चहा ठेवायला आत गेली. ते खिडकीजवळच्या कापडी पाठीच्या खुर्चीत बसले.

"तुझी ताई पत्रं वाचते आणि डब्याखाली ठेवून देते," ते म्हणाले. "मग मी काढून वाचतो. मग ती बघते की घडी बदललीय. कोणी काही बोलत नाही. महिनाभर आमच्या घरात असं चाललंय."

तेव्हा भाऊजी, तुम्हीही हे वाचत असाल. काही चुकीचं लिहिलं तर दुरुस्त करा.

मी त्यांना सगळं सांगितलं, सुया, खाण, यादी. ते ऐकत होते. मग म्हणाले, "एकतीस वर्षं ती पावडर खातोय. बघ, तुझ्यासमोर बसलोय. खोकला तुझ्या वडिलांनाही होता, ते कुठे गिरणीत गेले होते?"

"वडील विड्या ओढायचे, भाऊजी."

"मग मला खोकला आहे म्हणून काय लगेच अ‍ॅस्बेस्टॉस?"

"खोकल्यावरून नाही म्हणत. दगडावरून म्हणतोय."

त्यांनी कप खाली ठेवला. मग ते जे म्हणाले ते मी अजून मनातून काढू शकलो नाही. "मी त्या दिवशी धुतलं ते तुझ्यासाठी धुतलं. लपवायला नाही. तू लिहून देशील, मग लोक म्हणतील फोरमनने मेहुण्याला गंडवलं. एकतीस वर्षांत कुणी माझ्याकडे बोट दाखवलेलं नाही."

"मी लिहीन की तुम्ही लपवलं नाही. मला दिसलं आणि मी लिहिलं नाही."

"कागदावर एवढा फरक राहतो का रे?"

मी म्हटलं, तुम्हीच मालकांना सांगा, गिरणीने आपणहून तपासणी मागितली तर सगळं सरळ होईल, तुमचं नावही चांगलं राहील. ते हसले. "मालक मागतील तपासणी! तू त्यांना ओळखत नाहीस. आणि माझी दोन वर्षं राहिलीत. माझ्या हाताखाली चाळीस माणसं आहेत, त्यांना काय सांगू? गिरणी बंद, का, तर माझ्या मेहुण्याला साक्षात्कार झाला?" मग उठता उठता म्हणाले, "तू ये की तपासायला. फक्त सांगून ये, म्हणजे पुन्हा धुऊन ठेवतो."

ही चेष्टा होती. मीही हसायचा प्रयत्न केला.

दारात चपला घालताना त्यांनी मान खाली ठेवूनच सांगितलं, "कपडे भिजवते ती आता. तुझं दुसरं पत्र आल्यापासून. पायरीही पुसते. तुला सांगू नको म्हणाली होती."

ते गेल्यावर ही खुर्ची झटकायला निघाली. मी म्हटलं, राहू दे.

तुझा,
बारक्या


१० एप्रिल

प्रिय ताई आणि भाऊजी,

खुर्चीला हात लावू दिला नाही, त्याचं कारण असं.

तुम्ही गेल्यावर, भाऊजी, मी बॅगेतून पारदर्शक चिकटपट्टी काढली. खुर्चीच्या पाठीच्या कापडावर दोन ठिकाणी, जिथे तुमचे खांदे टेकले होते तिथे ती दाबली आणि अलगद उचलून काचेवर चिकटवली. आम्ही गिरण्यांत असंच करतो. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, "अहो, पाहुणा चहा पिऊन गेला आणि तुम्ही त्याच्या खुर्चीची झडती घेताय?" तिचं बरोबर होतं. मला लाज वाटली आणि मी ते केलं.

सोमवारी काच बाईंपुढे ठेवली. त्यांनी विचारलं, "कुठली गिरणी?"

"घरची खुर्ची."

त्यांनी तिन्ही चष्म्यांपैकी एक काढून माझ्याकडे पाहिलं, मग डोळा लावला. खवले होते. सुयाही होत्या. दोन बोटांएवढ्या पट्टीवर त्यांनी अकरा मोजल्या. म्हणाल्या, "खुर्ची झाडू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बंद करून द्या माझ्याकडे." पुढे काही विचारलं नाही. फक्त मी उठल्यावर म्हणाल्या, "हा नमुना कुठे लिहिता येणार नाही, माहीत आहे ना? ना जागेची नोंद, ना साक्षीदार."

माहीत आहे. कागदोपत्री त्या काचेला काही किंमत नाही. पण आता मी 'असू शकेल' असं म्हणू शकत नाही. तुमच्या अंगावरून ते माझ्या घरापर्यंत आलं. तुमच्या घरात ते किती वर्षं येतंय, ताई किती वर्षं ते पायरीवर झटकत होती, हे मोजायला माझ्याकडे यंत्र नाही.

काल सकाळी नेहमीसारखा डोळे मिटून बसलो. मी देवाकडे सहसा काही मागत नाही, नुसता बसतो. पण गेले काही आठवडे मागत होतो आणि काय मागत होतो ते काल माझं मलाच ऐकू आलं. मी मागत होतो की ताईचं उत्तर येऊ दे. तिने एकदा लिहावं, बारक्या, कर तुला बरोबर वाटतं ते. शाळेत चौथीपर्यंतचे सगळे वर्ग एकाच खोलीत बसायचे, तू पुढच्या रांगेत आणि मी मागच्या, आणि मास्तरांनी प्रश्न विचारला की मी आधी तुझ्या मानेकडे बघायचो, हललीस तर हो, नाहीतर नाही. एकोणपन्नासाव्या वर्षीही मी तेच करतोय.

आणि हा सगळा वेळ गिरणी चालू आहे. तुळईवर चढलो त्या दिवसापासून आज त्रेचाळीस दिवस झाले. दिवसाला दोन पाळ्या. मी एकेक पत्र लिहून आठवडाभर वाट बघतोय, तेवढा आठवडाभर चाळीस माणसं आत श्वास घेताहेत. पत्रांतून मी कबुली देतोय असं मला वाटत होतं. ज्यांना कबुली द्यायला हवी त्यांना तर मी अजून एक ओळही दिलेली नाही.

भाऊजी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला अजूनही येत नाही. कागदावर फरक राहील की नाही, ठाऊक नाही. मी तो होईल तितका स्पष्ट लिहीन.

बारक्या


१५ एप्रिल

प्रिय ताई,

शनिवार-रविवार मिळून निवेदन लिहिलं. चार वेळा. पहिल्या खेपेला दोन पानं झालं, त्यात निम्मं माझ्या भावनांबद्दल होतं. हिला वाचून दाखवलं तर म्हणाली, "हे पत्र आहे की अर्ज?" शेवटी सात ओळी उरल्या. त्यातल्या मुख्य तुला उतरवून देतो.

'पाहणीपूर्वी जागा धुतलेली होती. हे मला तेथे पोहोचताच दिसले. गिरणीच्या कोणाही कर्मचाऱ्याने ते माझ्यापासून लपवले नाही. नियमानुसार मी तशी नोंद करून पूर्वसूचना न देता पुन्हा जाणे आवश्यक होते. मी ते केले नाही. तेथील फोरमन माझ्या बहिणीचे यजमान आहेत. माझा अहवाल ग्राह्य धरू नये.'

आज अकरा वाजता ते वरिष्ठांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी एकदा वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"शेवटून दुसरं वाक्य गाळा," ते म्हणाले. "बहिणीचं. त्याची गरज नाही. नुसती नजरचूक म्हणा. मी सांभाळून घेईन."

"नजरचूक नव्हती, साहेब. नजरेला सगळं दिसलं होतं."

"चौकशी लागेल तुमच्यावर. तुमचे आधीचे सगळे अहवाल उघडतील. तेवीस वर्षांचे."

"उघडू देत. मलाही बघायचंय, आणखी कुठे मी असा पाहुणा म्हणून गेलो होतो का."

त्यांनी निवेदन टेबलावर सरळ करून ठेवलं. मग विचारलं, "बहिणीशी बोललात?"

"ती बोलत नाही माझ्याशी."

"मग बरंय," ते म्हणाले, आणि असं म्हटल्याचं त्यांनाच वाईट वाटलं. त्यांनी घंटी वाजवून कारकुनाला बोलावलं. कारकुनाने निवेदनावर शिक्का मारला, रजिस्टरमध्ये नोंद केली, प्रत मला दिली. या सगळ्याला दोन मिनिटंही लागली नाहीत. मी उगाच समजत होतो की तो शिक्का फार मोठ्याने वाजेल.

मग वरिष्ठ म्हणाले, "उद्या सकाळी दोन माणसं जातील. तुम्ही जायचं नाही. आणि तिकडे कुणाला कळवायचं नाही, फोन नाही, निरोप नाही. ही अट आहे."

मी म्हटलं, "मान्य."

म्हणून भाऊजींना फोन केला नाही. जिन्यात उभा राहून दोनदा आकडे दाबले आणि पुसले. त्यांना तोंडावर सांगायला हवं होतं, ते मला यापुढे कायम सलेल. उद्या ती दोन माणसं आत शिरतील तेव्हा ते दारात साध्या कपड्यांत असतील, आणि या खेपेला कुणीही पहाटे उठून काही धुतलेलं नसेल. त्यांनी मला शिव्या दिल्या तर त्यांचा हक्क आहे. तूही दे. मी दोघांच्याही ऐकून घेईन. भाचीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे, त्यासाठी भाऊजींना आणि तुला छातीच्या डॉक्टरांकडे जावं लागेल. पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर लिहिला आहे. मी आलेलं चालत नसेल तर ही येईल तुमच्याबरोबर, ती तयार आहे.

आजवरची पाच पत्रं टाकताना मी दर वेळी पेटीजवळ घटकाभर उभा राहायचो आणि मनात तुझ्या उत्तराचा मजकूर रचायचो. हे सहावं तसं नाही. हे मी मुद्दाम निवेदन दिल्यावर लिहायला घेतलं, नाहीतर पुन्हा तुझ्या मानेकडे बघत बसलो असतो. टपाल तुमच्याकडे तीन दिवसांनी पोचतं. तू हे उघडशील तोवर ते दोघे शिडी लावून वर चढून, डब्या भरून, सह्या करून परत आलेले असतील. तुला हो म्हणायला किंवा नाही म्हणायला मी काहीच शिल्लक ठेवलेलं नाही, ताई. निवेदन दिलं. त्याखाली माझी सही आहे.

बारक्या